म्हशीच्या चालीचं अंतर

अंबादासनं तानाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, आणि पाहिलं तेव्हा तिनं त्याच्या मेखेला म्हैस बांधली होती.

ती मेख त्यानं आदल्या दिवशी ठोकली होती. कसबा बावड्याच्या रस्त्याला लागून सव्वाशे एकर रान ‘उषाकिरण’ नावाच्या घरबांधणी संस्थेनं विकत घेतलं होतं. त्या रानातून रस्ते कुठून जाणार, प्लॉट कुठं पडणार, याच्या खुणा करायचं काम अंबादासच्या कचेरीकडं होतं. अंबादास तिथं नकाशे काढायचा. वय अठ्ठावीस, अक्षर मोत्यासारखं, आणि कागदावर जी रेघ ओढली ती जमिनीनं मानलीच पाहिजे असा विश्वास. तर सकाळी साडेसहाला तो मोजणीची साखळी आणि दोन गडी घेऊन पोचतो, तो मेखेला दावं, दाव्याला म्हैस, आणि म्हशीखाली चाळिशीतली एक काळीसावळी, उंच बाई उकिडवी बसून धार काढतेय. भोवती साखर कारखान्याची रात्रपाळी सुटलेले पाचसहाजण पेले घेऊन उभे.

अंबादासनं ही सरकारमान्य खूण आहे, हिला हात लावायचा नसतो, वगैरे समजावून सांगितलं. बाईनं धार थांबवली नाही.

“हात कुठं लावलाय पावणं? दावं लावलंय,” ती म्हणाली. “बारा वर्सं मी हितं म्हस उभी करतो. पर मेख ठोकून द्यावी असं कुणाच्या मनात आलं न्हवतं. तुमचं उपकार झालं.”

गडी हसले. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात, आणि तानाबाई तर ते असं बोलायची की समोरच्या पुरुषाला आपणच काहीतरी चुकीचं बोलतोय असं वाटावं. अंबादासनं पेलाभर दूध घेतलं, फेस ओठाला लागला तो पुसला, आणि मेखेचं माप पुन्हा न घेताच पुढं गेला. म्हशीनं ती मेख साडेतीन फूट ओढली होती. त्या कोपऱ्यावरचा रस्ता आजही जरा वाकडा आहे, आणि वाहनांचा वेग कमी व्हावा म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलाय, असं उषाकिरणमधली शिकलेली माणसं पाहुण्यांना सांगतात.

तानाबाईचं माहेर शिरोळचं, सासर बावड्यात. नवरा पिराजी कारखान्यात हंगामी कामाला. हंगाम संपला की तो अंगणात बाज टाकून जगाची काळजी करायचा. घर चालायचं ते राजी आणि हरणी या दोन म्हशींवर. बावड्यात दूध विकून भागत नव्हतं, कारण तिथं घरटी म्हैस. म्हणून ती पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही म्हशी शेतांमधल्या पाणंदीनं रानाच्या या मागच्या कोपऱ्यावर आणायची. दहा मिनिटांची वाट. कोल्हापूरच्या माणसाचा दुधावर विश्वास नसतो, म्हशीवर असतो. डोळ्यांदेखत कासेतून भांड्यात पडलं तरच ते दूध, नाहीतर ते पांढरं पाणी. डेअरीला घालून तिला निम्मेच पैसे मिळाले असते. तिला हवी होती ती दोन म्हशी दिवसातून दोनदा उभ्या राहतील एवढी जागा. यापलीकडं तिनं कधी कुणाकडं काही मागितलं नाही. आणि नेमकी तीच जागा संस्थेच्या सातबाऱ्यावर गेली होती.

संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव. निवृत्त इंजिनिअर, गोरेपान, धिप्पाड, उन्हाळ्यातही कोट. निवृत्तीनंतर ते उत्तरेकडं एक नवं वसवलेलं शहर बघून आले होते, आणि तिथले चाळीस फोटो त्यांनी संस्थेच्या सभेत सगळ्यांना दाखवले. रुंद रस्ते, सरळ झाडं, पांढऱ्या इमारती. चाळीस फोटोंत मिळून एकही माणूस नव्हता, आणि हंबीररावांना त्याचंच कौतुक होतं. उषाकिरण असंच झालं पाहिजे, असं ठरलं. आत फक्त घरं. दुकान नाही, गिरणी नाही, शिंपी नाही, जनावर तर नाहीच नाही. जे काय घ्यायचं ते पुढं मोठ्या रस्त्यावर, कमानीशेजारी, दहा गाळ्यांच्या ‘व्यापारी संकुला’त. अंबादासनं तसा नकाशा काढला. घरं पिवळी, बाग हिरवी, संकुल लाल. फार देखणा झाला. हंबीररावांनी तो काचेत घालून घेतला.

दोन वर्षांत साठेक घरं उठली. प्राध्यापक, बँकेतली मंडळी, एक वकील, दोन डॉक्टर. मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या म्हणून अंबादासही बायकोला, पद्मजाला, घेऊन तिथं राहायला आला. आपण काय काढून ठेवलंय हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. कोथिंबिरीची एक जुडी आणायची तर कमानीपर्यंत पाऊण मैल जायचं, आणि जाऊन बघायचं तर गाळे बंद. दहांतले सात कधी उघडलेच नाहीत. उरलेल्या तिघांत एक लॉटरीवाला, एक टायरवाला, आणि एक गाळा हंबीररावांच्या पुतण्याचा, ज्यात काय विकतात ते त्यालाही सांगता आलं नसतं. गाळेवाले म्हणायचे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक म्हणायचं दुकान नाही. इंग्रजीचे एक प्राध्यापक पंधरा पैशांची आगपेटी आणायला स्कूटर काढायचे आणि संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून अर्धा तास गच्चीवर चालायचे.

बायकांनी मात्र कुणाचा ठराव वाचला नव्हता. त्या तांब्या घेऊन मागच्या कोपऱ्यावर तानाबाईकडं जायला लागल्या. बायका तिथं येतात म्हटल्यावर धोंडुबाई भाजीची पाटी घेऊन बसायला लागली. शेजारच्या शेतात, संस्थेच्या कुंपणाला टेकून, ज्ञानूनं पत्र्याची शेड मारून पिठाची गिरणी टाकली. बाभळीखाली केरबा न्हाव्यानं खुर्ची मांडली. इस्त्रीवाला आला. एका डॉक्टरांनी कोपऱ्यावरच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला आणि पाटीवर ‘निवासस्थान’ असं लिहून ठेवलं. सकाळी दळण टाकायचं, भाजी घ्यायची, म्हशीची पाळी येईपर्यंत बोलत उभं राहायचं, आणि दूध घेऊन परत जाताना दळण उचलायचं. सगळं मिळून अर्धा तास. पद्मजा म्हणायची, शहर सोडून रानात आलोय असं सबंध दिवसात फक्त तिथं वाटत नाही.

तानाबाईच्या तोंडाला तिथं धरबंद नसायचा. फेस बसू दे, मग माप बघू, असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, “बसू दे की. प्राध्यापकीणबाई हायत, त्यास्नी काय घाई. कॉलेजात पोरं वाट बघत्यात, बघू देत.” वकीलसाहेब स्कूटरवरून उतरून दीडशे पावलं आले की त्यांना घाम पुसायला आपल्या पदराचं टोक पुढं करायची. माणसं चिडायची, हसायची, आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

हंबीररावांना मागच्या कोपऱ्यावर बाजार भरतो हे कळलं ते शेणावरून. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत त्यांचे एक बडे स्नेही वसाहत बघायला आले, आणि त्यांच्या बुटाला शेण लागलं. लगेच ठराव झाला. म्हशी कमानीजवळच्या रिकाम्या गाळ्यापुढं उभ्या कराव्यात, जागा फुकट, मात्र जनावरांना वसाहतीतल्या रस्त्यांवरून ने-आण करता येणार नाही. म्हणजे तानाबाईनं बावड्यातून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायचं. ऐन हंगाम, रस्त्यावर उसाचे ट्रक आणि बैलगाड्यांची रांग.

तिनं भांडण केलं नाही. “आठ दिस येतो, बघा,” एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी ट्रकच्या हॉर्ननं हरणी उसात घुसली. दुसऱ्या दिवसापासून दोघी गाळ्यापुढं उभ्या राहिल्या खऱ्या, पण पान्हा चोरायला लागल्या. पुढ्यात आंबोण ठेवलं, रेडकू लावलं, पाठीवरून हात फिरवला, तरी धार येईना. पाच शेराची म्हैस दीड शेरावर आली. बारा बायका पाऊण मैल चालून आलेल्या, हातात तांबे, आणि समोर म्हैस रवंथ करत उभी. आठव्या दिवशी हंबीरराव स्वतः आले आणि हे तू मुद्दाम करतेस, असं म्हणाले.

“मी काय करतो?” तानाबाई उठून उभी राहिली. “धार माझ्या कासंतनं येत न्हाय सायेब. म्हस दमली, भ्याली, की दूध वर चढवती. धा मिंटं चालली तर देती, पाऊण तास चालली तर न्हाय देत. तिचं गणित पक्कं हाय. तुमचं बघा कुठं चुकलंय.”

बायका पदरात तोंड घालून हसल्या. नवव्या दिवशी म्हशी मागच्या कोपऱ्यावर परत आल्या आणि ठराव वहीतच राहिला.

आठव्या दिवशी अंबादास तिथंच उभा होता. ‘धा मिंटं’ हे शब्द त्याच्या डोक्यात रुतले. मोठ्या रस्त्यावरून दिसेल आणि शोभेल म्हणून त्यानं ते संकुल कमानीशी काढलं होतं. माणूस किती चालेल हे मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगता सुचलंही नव्हतं. त्यानं आठ दिवसांची रजा काढली, शंभरपानी वही घेतली, आणि सकाळ-संध्याकाळ तानाबाईच्या कोपऱ्यावर केरबाच्या खुर्चीशेजारी बसला. कोण आलं, कुठल्या घरातून, चालत की गाडीवर, किती मिनिटं लागली, काय काय घेतलं. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. रोज साडेतीनशेच्या आसपास माणसं, त्यांत तीनशेच्या वर चालत. दहा मिनिटांपेक्षा लांबून पायी येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नकाशावर त्यानं कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवलं आणि दहा मिनिटांचं वर्तुळ काढलं. साठांतली बावन्न घरं त्यात आली. कमानीवर टोक ठेवलं तर अकरा.

तानाबाईची हकालपट्टी कायमची टळावी म्हणून त्यानं हा उद्योग केला होता. मग त्यानं नवा नकाशा काढला. मागच्या कोपऱ्यावर लहानसा चौक, चौकाभोवती आठ गाळे, गाळ्यांवर राहायच्या खोल्या, दवाखाना, गिरणी, बसायला कट्टा, चहूबाजूंनी पायवाटा. मध्ये मोकळी जागा. सभेपुढं नेण्याआधी तो नकाशा घेऊन तानाबाईकडं गेला. तिनं हात पदराला पुसले, कागद उलटा धरला, मग सुलटा.

“हे काय?”

“हा ज्ञानू. इथं धोंडुबाई. हा केरबा.”

“आन राजी कुठं उभी ऱ्हायाची?”

“ही काय, मधे. मोकळीच आहे की जागा.”

तिनं कागदावरून बोट फिरवलं. “ह्यात म्हस काढली न्हाईस तू.”

“म्हैस कुठं नकाशात काढतात का मावशी? दूध म्हटलं की म्हैस आलीच.”

“मानसं काढलीस, झाडं काढलीस,” ती म्हणाली. “म्हस तेवढी आली समजायची. काढ की बाबा. चार पाय, दोन शिंगं. लई अवघड न्हाय.”

अंबादास हसला. घरी पद्मजालाही त्यानं ते हसतच सांगितलं. ती हसली नाही. पण तिला नकाशातलं काही कळत नव्हतं, असं त्याला वाटलं.

एकोणऐंशीच्या वार्षिक सभेत नकाशा मंजूर झाला, तोही एकमतानं. वर्तुळ बघून लोक खूश झाले. आपलं घर आत आहे की बाहेर हे बघायला ज्येष्ठ मंडळी चष्मे पुसून पुढं सरसावली. ज्यांनी तीन वर्षं या कोपऱ्याला उकिरडा म्हटलं होतं, ते आता त्याला वसाहतीचं हृदय म्हणायला लागले. हंबीररावांनी भाषणात सांगितलं की ही कल्पना मूळ त्यांचीच, कमानीजवळचा प्रयोग करून बघितल्याशिवाय ती पक्की करता येत नव्हती. टाळ्या पडल्या.

गाळ्यांचे लिलाव झाले. ज्ञानूनं मेव्हण्याकडून रक्कम उभी करून गिरणीचा गाळा घेतला. धोंडुबाईला गाळा परवडला नाही, पण कट्ट्याच्या कडेला बसायची परवानगी मिळाली. बांधकाम चालू होतं तोवर तानाबाई विटांच्या ढिगाआड म्हशी उभ्या करत होती, आणि मुकादमाला ताक पाजून त्याच्याकडून पाण्याचं एक पिंप भरून घेत होती. मग एक्क्याऐंशीच्या पाडव्याला चौकाचं उद्घाटन झालं. नकाशातली मोकळी जागा हंबीररावांच्या डोळ्यांत सलत होती. तिथं त्यांनी कारंजं बसवलं. भोवती गुळगुळीत शहाबादी फरशी आणि लोखंडी साखळी. वसाहतीला पाणीच दिवसाआड यायचं. कारंजं उद्घाटनाला वीस मिनिटं उडालं, तेही टँकरच्या पाण्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे तानाबाई म्हशी घेऊन आली. फरशीवर पाय ठेवताच राजी घसरली, पुढच्या गुडघ्यांवर बसली, आणि मग काही केल्या पुढं पाऊल टाकेना. हरणी साखळीशी थांबली ती थांबलीच. गाळेवाले शटर उघडून उभे होते. पागडी भरून दुकान घेतलंय आणि दारात शेण, असं त्यांनी त्याच दिवशी लेखी दिलं. एका गाळ्यावर ‘दूध’ अशी पाटी होती. तिथं एकजण प्लास्टिकच्या पिशव्यांतलं दूध घेऊन बसला होता.

आठवड्यानं कार्यकारिणीची बैठक झाली. अंबादासला खुलाशासाठी बोलावलं होतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सभेत आवाज चढवला. हा चौक मुळात तानाबाईच्या म्हशींनी केलाय, तो म्हणाला. गिरणी नंतर आली, भाजी नंतर आली. ज्या दहा मिनिटांवर हे सगळं उभं आहे ती दहा मिनिटं माणसांची नाहीत, राजीची आहेत. तिला जागा नसेल तर हा नकाशा खोटा आहे.

हंबीररावांनी त्याचीच शंभरपानी वही पुढं सरकवली. “तुमचेच आकडे आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “पुरुष, बायका, मुलं. पायी, सायकल, स्कूटर. ह्यात म्हैस कुठल्या रकान्यात आहे, दाखवा.”

अंबादासनं वही उघडली. आठ दिवस, चौदा पानं, रेघांचे गठ्ठे. आठही दिवस दोन म्हशी त्याच्यापासून सहा हातांवर उभ्या होत्या. एकदा तर राजीनं शेपटी मारून त्याची पेन्सिल उडवली होती. त्यानं पेन्सिल शोधून आणली होती आणि पुढचं माणूस मोजलं होतं. त्यानं वही मिटली. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी सहानुभूतीनं सुचवलं की त्या बाईंना संस्थेनं एखादं प्रशस्तिपत्रक द्यावं. ते एकमतानं मंजूर झालं.

हे सांगायला, आणि ते प्रशस्तिपत्रक द्यायला, अंबादास बावड्यात तिच्या घरी गेला. पिराजी बाजेवर होता, त्यानं चहा सांगितला. तानाबाई गोठ्यात राजीच्या गुडघ्याला हळद लावत होती. आपण चुकलो, हे अंबादासनं सरळ सांगितलं. म्हशी मोजायच्या राहिल्या.

तिनं मान वर केली नाही. “त्यात काय येवडं,” ती म्हणाली. “तू आपला हिशेबी मानूस. डोळ्यापुढचं सोडून समदं मोजलंस.” मग हळदीची वाटी बाजूला ठेवून, “चा घे. आन जाताना ते परशस्ती का काय, ते घेऊन जा. म्हस कागद खाती, पर अक्षर लिवलेलं खात न्हाय.”

तिनं तीन-चार महिने काढले. पाणंदीच्या तोंडाशी, चौकाच्या अलीकडं म्हशी उभ्या करून बघितल्या. गिऱ्हाईक येईना. भाजी, दळण, औषध सगळं चौकात, मग दुधासाठी आणखी तीनशे पावलं कोण जाणार? ज्यांच्या सोयीसाठी सगळं एका जागी आणलं होतं, त्यांनी सोय बघितली. पद्मजा जायची. डॉक्टरांची म्हातारी आई जायची. दोन तांब्यांवर दोन म्हशी उभ्या राहत नाहीत. श्रावणात तिनं हरणी विकली.

चौक मात्र उत्तम चालला, हेही खरं सांगायला पाहिजे. आता तिथं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, मिठाईवाला आहे, शिवणक्लास आहे, संध्याकाळी म्हातारी माणसं कट्ट्यावर बसतात. शहर वाढतंय तशा आणखी वसाहती उठतायत, आणि त्यांची मंडळी चौक बघायला येतात. अंबादासच्या कचेरीनं तसले आणखी चार काढून दिले. त्यानं प्रत्येक नकाशात मध्ये दहा हात कच्ची जमीन आणि पाण्याचा हौद दाखवला, आणि चारही ठिकाणी तो खोडला गेला. आणि रविवारी सकाळी उषाकिरणमधले वकील, प्राध्यापक, बँकवाले स्कूटरी काढतात, मुलांना पुढं-मागं बसवतात, आणि थेट जुन्या गावातल्या गंगावेशीत जातात. तिथं रस्त्यावर म्हशी उभ्या असतात. डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पिऊन, फेस पुसत, मुलांना सांगतात, कोल्हापूर म्हणजे हे बरं का. पेट्रोल धरून तो पेला त्यांना कितीला पडतो, हे त्यांच्यातला एकही बँकवाला काढत नाही.

पिराजी ब्याऐंशीत वारला. त्यानंतर तानाबाईनं बावड्यातलं घर भाड्यानं दिलं आणि राजीला घेऊन ती शिरोळला लेकीकडं गेली. अंबादास आणि पद्मजा वर्षातून एकदा जाऊन येतात. लेकीच्या गोठ्यात राजी धरून तीन म्हशी आहेत. तानाबाई त्यांच्या धारा स्वतः काढते आणि सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीला निम्म्या पैशांत दूध घालून येते.